"काहीतरी चांगलं द्या" म्हणणाऱ्या वाचकासाठी

प्रिय मित्रा,

वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसलं की एक वाक्य रोज कानावर पडणार: "काहीतरी चांगलं द्या ना वाचायला." ते ऐकताच उठून कपाटाकडे धावू नकोस. आधी विचार, "अलीकडे वाचलेलं कुठलं पुस्तक आवडलं?" वाचक नाव सांगतो, आपण मनात 'हां, म्हणजे ऐतिहासिक' असं ठरवून मोकळे होतो आणि तिथेच फसतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा: "त्यातलं काय आवडलं?" तो विचारून गप्प बसायचं. चार-पाच सेकंद शांतता गेली तरी चालेल, वाचकाला आठवायला तेवढा वेळ लागतोच.

एकच जाडजूड ऐतिहासिक कादंबरी चौघांना आवडते, पण चौघांची कारणं वेगळी असतात. एक म्हणतो, "हातातून खाली ठेववेना." दुसरी म्हणते, "त्या राणीचं मन कळलं." तिसरा म्हणतो, "त्या काळात राहून आल्यासारखं वाटलं." चौथी म्हणते, "काही वाक्यं वहीत उतरवून घेतली." अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकाची चार दारं सांगितली आहेत: कथा, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही असतात, पण एखादंच सताड उघडं असतं आणि वाचक त्यातूनच आत शिरतो. म्हणून पहिल्याला बिनधास्त रहस्यकथा दे. दुसरीला एका कुटुंबाची संथ कादंबरी किंवा चांगलं आत्मचरित्र आवडेल. तिसऱ्याला प्रवासवर्णन किंवा सामाजिक इतिहास, चौथीला ललित निबंध. या चौघांनाही दुसरी ऐतिहासिक कादंबरी दिली, तर एखादाच खूश होईल, तोही नशिबाने.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: "काय नको?" कुणाला रक्तपात नको असतो, कुणाला लहान मूल दगावण्याचा प्रसंग, कुणाला अर्धवट सोडलेला शेवट. कारण विचारायचं नाही. वाचकाची आवड वर्षानुवर्षं तीच राहते, मन:स्थिती मात्र आठवड्याला बदलते. घरात आजारी माणूस असलेल्याला एरवी आवडणारी सहाशे पानी कादंबरीही झेपत नाही. त्याला पाच-सहा पानांचे सुटे लेख लागतात, मध्येच उठावं लागलं तरी धागा तुटत नाही असे.

मग पुस्तकं तीनच काढ. एकच दिलं तर ते औषधाच्या चिठ्ठीसारखं होतं, नाही आवडलं तर सांगायलाही वाचक संकोचतो. सात दिली की गोंधळून रिकाम्या हाताने जातो. तिन्हींपैकी एक हमखास जमेल असं, एक त्याच्या जवळपासचं आणि एक थोडं आडवाटेचं. प्रत्येकाबद्दल एकच वाक्य बोल, पण कथानक सांगू नकोस. "ही आजी आणि नातीची गोष्ट आहे" यातून काहीच कळत नाही. "संथ आहे, पहिली चाळीस पानं धीर धरावा लागतो, पण संवाद फार खुसखुशीत आहेत" यातून वाचक स्वत:च ठरवतो. दोष सांगायला कचरू नकोस. दोष आधी सांगितला की पुढच्या वेळी तुझ्या कौतुकावरही विश्वास बसतो.

स्तुती करण्याआधी पुस्तक हातात घे. संगणकावर 'उपलब्ध' दिसतं, पण ते परत आलेल्यांच्या ढिगात, वाचनकक्षाच्या टेबलावर किंवा चुकीच्या फळीवर पडलेलं असतं. आधी ढीग चाळ. कुणीतरी नुकतंच वाचून आणलेलं म्हणून त्या ढिगावर सगळ्यांचा डोळा असतोच. मालिकेतलं असेल तर पहिला भाग जागेवर आहे का, ते बघ. वयस्कर वाचकाला देताना टाईप बारीक नाही ना, एवढं एक पान उघडून पाहायला विसरू नकोस.

सगळं वाचलेलं असणं कुणालाच शक्य नाही. न वाचलेल्या पुस्तकाला वीस मिनिटं दे. मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो, तो शेवटी बघ. आधी पहिली दोन-तीन पानं, मग मधलं एक प्रकरण, मग शेवटच्या प्रकरणाची सुरुवात. पानावर संवाद किती, प्रकरणं केवढी, निवेदन कोण करतंय, हे यात कळतं. आरोग्य, कायदा, करआकारणी, संगणक या विषयांत मात्र आधी प्रकाशनवर्ष बघायचं. तिथे जुनं पुस्तक निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरतं.

कपाटातला शेजार म्हणजे आवडीचा शेजार, असं समजू नकोस. अमेरिकी ग्रंथपाल ड्यूई यांची दशांश पद्धत 1876 पासून विषयाप्रमाणे क्रमांक देऊन पुस्तकं लावते, वाचकाच्या मनाप्रमाणे नाही. हिमशिखरं चढणाऱ्याचं अनुभवकथन 796 मध्ये, त्याच प्रदेशाचं प्रवासवर्णन 910 च्या आसपास आणि तिथे घडणारी कादंबरी 800 मध्ये. वाचकाला मात्र तिन्ही एकाच ओढीने हवी असतात. ती एकत्र आणायला माणूस लागतो, म्हणून तुझी खुर्ची.

शिफारशींची वेगळी फळी ठेवणार असलास तर बारा ते पंधरा पुस्तकं पुरेत, मुखपृष्ठ समोर येईल अशी. एखादं गेलं की जागा त्याच दिवशी भर, अर्धी रिकामी फळी उरलीसुरली वाटते. पुरस्कारप्राप्त आणि गाजलेली तिथे नकोत, त्यांना मागणी असतेच. दोन-तीन वर्षांत कुणी न नेलेली, पण दमदार पुस्तकं मांड. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी तिसरं हेच सांगतं: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. पाटीवर 'वाचलीच पाहिजेत अशी' असं लिहू नकोस, मोठ्या माणसांना परत शाळेत बसल्यासारखं होतं. 'एका बैठकीत संपणारी' लिही आणि दीडशे पानांच्या आतली ठेव.

"नाही जमलं बुवा" म्हणत कुणी पुस्तक परत आणलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, कितव्या पानावर सोडलं ते विचार. पर्लबाईंचा नियम वाचकांनाही सांगत जा: पन्नास पानं वाचून बघा, नाही रुचलं तर सोडा. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा, म्हणजे सत्तरीच्या माणसाने तीसच पानं वाचायची. बऱ्याच जणांना पुस्तक अर्धवट सोडायला कुणाची तरी परवानगी हवी असते.

"गेल्या वेळी घटस्फोटावरचं नेलं होतंत ना?" असं चारचौघांत कधीही बोलायचं नाही. कुणी काय नेलं ते नवरा-बायकोनेही एकमेकांबद्दल विचारलं तरी सांगायचं नाही. पुस्तकाची नोंद ठेव, वाचकाची नको. कार्डावर चार ओळी पुरतात: कुठलं दार मोठं, वेग कसा, काय खटकू शकेल, कोणत्या दोन पुस्तकांच्या जवळचं. पेन्सिलीने लिही, कारण तिसऱ्या-चौथ्या वाचकाचं ऐकल्यावर त्यातली एखादी ओळ खोडावी लागतेच.

तुझा,
एक जुना ग्रंथपाल