सबसिडिअ‍ॅरिटी: कुमक, पाठबळ की तैनाती फौज?

वडगाव शेरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "आमच्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) वाचनगटासाठी कॅथलिक सामाजिक शिकवणुकीवरचं एक व्याख्यान मराठीत आणते आहे. राजकीय प्रश्नांवर चर्च कोणत्या तत्त्वांच्या आधारे बोलतं, असा विषय आहे. त्यातल्या 'सबसिडिअ‍ॅरिटी'पाशी अडले. कोशांत 'दुय्यमता', 'साहाय्यकता' मिळालं. कुणी म्हणालं, सरळ 'विकेंद्रीकरण' लिहा. काय लिहू?"

ताई, 'दुय्यमता' आधी खोडा. त्याने अर्थ उलटा होतो. लहानांना झेपेल ते काम त्यांच्याच हाती राहावं, झेपेना तरच मोठ्याने मदतीला यावं, असं हे तत्त्व सांगतं. त्यात घर, गाव, कामगारांची संघटना यांना कुणी कुणाच्या हाताखालचं मानत नाही. मागे थांबायचं आहे ते वरच्या सत्तेने.

मागे थांबणं हेच या शब्दाचं मूळ आहे. लॅटिनमधला 'सुब्सीदिउम' हा रणांगणावरचा शब्द. रोमन सैन्यात पुढच्या फळ्या लढत असताना सगळ्यांत अनुभवी शिपाई मागे गुडघा टेकून बसून राहत. पुढची फळी मोडायला आली की ते उठत, एरवी नाही. 'सुब्' म्हणजे खाली, मागे, आणि 'सेदेरे' म्हणजे बसणं. हा 'सेदेरे' संस्कृतातल्या 'सद्' धातूचा सख्खा भाऊ. सभासद, परिषद, संसद हे त्याच 'सद्'चे. गॅसची सबसिडीही 'सुब्सीदिउम'चीच. म्हणून 'सबसिडिअ‍ॅरिटी' तसाच ठेवला तर ऐकणाऱ्याला अनुदान आठवेल, हे ध्यानात ठेवा.

चर्चच्या शिकवणुकीत हे तत्त्व ठाशीवपणे मांडलं गेलं ते १९३१ मध्ये. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या पत्रात कामगारांची मजुरी आणि संघटना करण्याचा त्यांचा हक्क यांबद्दल लिहिलं होतं. चाळीस वर्षांनी पायस अकरावे यांनी लिहिलेल्या पत्राचं नावच 'क्वाद्राजेसिमो आन्नो', म्हणजे 'चाळिसाव्या वर्षी'. इटलीत तेव्हा मुसोलिनीची राजवट होती आणि त्याच वर्षी तिने कॅथलिक तरुणांच्या संघटनांवर घाला घातला. पायस यांच्या म्हणण्याचा आशय असा: माणूस स्वतःच्या कष्टाने जे करू शकतो ते त्याच्याकडून काढून घेणं चूक, आणि लहान संस्था जे करू शकतात ते मोठीने बळकावणं हा अन्याय. मोठीने लहानांना 'सुब्सीदिउम' द्यावा, त्यांना नष्ट करू नये, गिळून टाकू नये.

'गिळून टाकू नये' हे शब्द वाचले आणि मी थबकलो, कारण इंग्रजांची 'सबसिडिअरी फोर्स' याच मुळाची. मराठीत ती 'तैनाती फौज' झाली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने ती पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय परराज्यांशी बोलणी न करण्याचं मान्य केलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. 'तैनात' नेमणूक सांगतो, मदतीचा त्यात मागमूस नाही. त्या फौजेला मराठीने 'कुमक' म्हटलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. कुमक येते, लढते आणि परत जाते.

'विकेंद्रीकरणा'लाही माझी हरकत आहे. त्या शब्दात अधिकार मुळात केंद्राचा असतो आणि केंद्र तो उदार होऊन खाली वाटतं. इथे तो मुळातच खालचा आहे. शिवाय तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग त्यात येत नाही: खालच्याला झेपत नसेल तेव्हा वरच्याने हात झटकायचे नाहीत. राजकारणात हे अर्धंच तत्त्व पुष्कळ वापरलं जातं. सरकारने अंग काढून घ्यावं असं वाटणारे पहिला भाग सांगतात, सगळं सरकारने करावं असं वाटणारे दुसरा.

पुण्यातलं पाणीच घ्या. आमच्या सोसायटीची टाकी दर तीन महिन्यांनी आम्ही रिकामी करतो. दोघं आत उतरून खराट्याने तळ घासतात, तिसरा वरून बादलीने गाळ ओढतो. यात महापालिकेचं काम नाही. पण रस्त्याखालची मोठी लाइन फुटली तर आम्ही काय करणार? तिथे महापालिकाच हवी. आणि खडकवासल्याचं पाणी शहराला किती, कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना किती, हे पुणेकरांनी एकट्याने ठरवणं अन्यायाचं होईल. ते राज्यानेच ठरवायला हवं, दोघांचंही ऐकून.

वसईची आठवण इथेही येते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा तिथल्या अनेक गावांनी आमची ग्रामपंचायतच राहू द्या म्हणून लढा दिला. त्यांत ख्रिस्ती गावंही होती. वाचनगटाला हे तत्त्व समजावताना युरोपीय संघाच्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहाआधी, जिथे हा शब्द राज्यकारभाराच्या भाषेत पक्का झाला, मी ही गावं सांगेन.

आता शब्द. 'साहाय्यकता' चूक नाही, पण तोंडात रुळत नाही. 'पूरकता' बरा, मात्र तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. कोण पुढे आणि कोण मागे हे त्यातून कळत नाही. माझं मत 'पाठबळा'ला. पाठीमागचं बळ. रोमन शिपाई गुडघा टेकून बसले होते ती जागाच या शब्दात आहे, आणि पाठबळ देणारा पुढच्याची जागा घेत नाही हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. "कुटुंबाचं पाठबळ होतं म्हणून शिकले" असं आपण म्हणतो, तेव्हा शिकलेली ती मुलगीच असते.

तुमच्या व्याख्यानात पुढे 'सॉलिडॅरिटी' येईलच, ही दोन तत्त्वं जोडीने शिकवतात. तिथे 'एकजूट' नको, 'बांधिलकी' घ्या. 'सॉलिडॅरिटी' हा शब्द रोमन कायद्यातल्या एका ऋणाच्या प्रकारावरून आला: अनेकांनी मिळून घेतलेल्या कर्जाला प्रत्येक जण पूर्ण बांधील. एकजूट आपल्यासारख्यांची होते. बांधिलकी परक्याशीही असते.

तेव्हा पहिल्यांदा 'पाठबळाचं तत्त्व (सबसिडिअ‍ॅरिटी)' असं लिहा, लगेच एका ओळीत खुलासा द्या: 'ज्याचं काम त्याच्याच हाती, त्याला झेपेना तर मोठ्याने मदतीला यावं, पण काम हिरावून घेऊ नये.' त्यानंतर सगळीकडे नुसतं 'पाठबळाचं तत्त्व' चालेल.