१३ वर्षांचा मुलगा हल्ली गप्प असतो, वर्गात बायल्या म्हणून चिडवतात. नवरा म्हणतो तालमीत घाल, मर्द होईल. घालू का?

तालमीला माझा विरोध नाही, मी कोल्हापूरचा, लाल मातीत भरपूर लोळलोय. पण ‘मर्द होईल’ म्हणून घालणार असाल तर नका घालू.

माझा भाचा असाच तेरा-चौदाचा. दाजींनी वस्तादांकडं सोपवला, आधी पहाटे उठून पळायचा आणि मग एकदम बंद. पोट दुखतंय, अभ्यास आहे, पाय मुरगळला, रोज नवीन कारण. पोहायला पण जाईना, भर मे महिन्यात अंगात जाड शर्ट. दाजी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, बांगड्या भर म्हणून. ताई गप्प, दाजींपुढं आमच्यात कुणी बोलत नाही, मी बोलतो म्हणून मी वाईट.

शेवटी मी त्याला गाडीवर टाकून रंकाळ्यावर नेला, भेळ खाल्ली, काही विचारलं नाही. येताना मागं बसल्या बसल्या स्वतःच बोलला (तोंडाकडं बघत नसलं की पोरं बोलतात, हे लक्षात ठेवा). छातीत दोन्हीकडं गाठीसारखं झालेलं, हात लागला की दुखायचं, लंगोटावर उभा राहिला की पोरं चिडवायची, आणि आपण मुलगी होत चाललोय की काय ही भीती. एवढं डोक्यात घेऊन पोरगं गणिताचा पेपर लिहीत होतं!

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, वयात येताना हार्मोन वरखाली होतात, निम्म्याच्या आसपास पोरांना हे कमीजास्त होतं, बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. त्याचंही गेलं. दाजी अजून म्हणतात तालमीच्या मातीनं गेलं, मामानं नुसता लाडावलाय.

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘आम्हाला बापानं पट्ट्यानं झोडलं, आम्ही काय मेलो?’ अहो दाजी, २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यात शंभरातले जवळपास ७२ पुरुष. प्रत्येकाचं कारण वेगळं असणार, मान्य, पण ‘रडतोस काय बाईसारखा’ ऐकत वाढलेला माणूस कुणाकडं बोलायला जाणार?

मुलीला पाळीचं सांगायला आई, मावशी, शाळेतल्या बाई असतात. मुलाला आवाज फुटणं, रात्री चड्डी ओली होणं हे कोण सांगतं? मोबाईल. हे काम तुमच्या मिस्टरांचं आहे, तालमीत पोहोचवून येण्यापेक्षा अवघड आहे म्हणून टाळतात. नाहीच जमलं तर सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, चौकशी करा. चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना भेटा, पण मुलाला सांगून, परस्पर नको.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं नाही हां. गाठ एकाच बाजूला, कडक, वाढणारी असेल तर लगेच दाखवा. जिमवाल्यांच्या इंजेक्शनांच्या नादी तर अजिबात लागू देऊ नका, स्टेरॉइडनं उलट छाती वाढते. आणि जगण्यात अर्थ नाही वगैरे बोलला तर वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

तालमीचं त्यालाच विचारा. हो म्हणाला तर पाठवा, फक्त वस्तादांच्या कानावर आधी सगळं घाला.