झाडं तोडून कसलं आलंय जंगलाचं आरोग्य?

प्रश्न: ताई नमस्कार, ऑक्टोबरात आईबाबा भारतातून आलेले म्हणून त्यांना ॲस्पेनच्या झाडांची पिवळी पानं दाखवायला सॅन होजेहून चार तास ड्राइव्ह करून साउथ लेक टाहोला गेलो, तर ट्रेलच्या अलीकडेच गेट आणि बोर्ड, फॉरेस्ट हेल्थच्या कामासाठी टेंपररी बंद. आत कापलेल्या झाडांचे ढीगच्या ढीग! बाबा म्हणाले हे आरोग्य की कत्तल? वर रविवार, एक माणूस कामावर नाही, मशीन नुसती उभी. गुपचूप चालत गेलो असतो तर काय बिघडलं असतं? – एक वाचक

उत्तर: बाबांना आधी विचारा, शेती बघितलीय का? बघितली असेल तर एकच शब्द सांगा, विरळणी. ज्वारी दाट उगवली की मधली रोपं उपटतो ना आपण, नाहीतर एकाचंही कणीस धड भरत नाही, तेच चाललंय इथे, फक्त रोपं घराएवढी उंच आहेत म्हणून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता पहिल्यांदा.

टाहोचं जुनं जंगल 1860 नंतरच्या तीसेक वर्षांत शेजारच्या नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींना लाकूड पुरवता पुरवता बरंचसं साफ झालं, मग जे उगवलं ते सगळं साधारण एका वयाचं आणि खेटून खेटून. त्याआधी इथले मूळ रहिवासी वाशो लोक मुद्दाम बारीक आगी लावायचे, विजेनेही लागायच्या, त्यात खालचा कचरा आणि बारकी झाडं जळून जायची. पण 1935 साली तर सरकारी वनखात्याचं धोरणच ठरलं की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायची. म्हणजे विरळणी बंद! मग 2012 ते 2016 चा दुष्काळ आला. पाइनच्या सालीत एक बारका भुंगेरा घुसतो, धडधाकट झाड चीक सोडून त्याला बाहेर ढकलतं, पण पाण्यावाचून चीक येणार कुठून, आणि दाटीत प्रत्येकाच्या वाट्याला पाणी किती? 2010 ते 2017 मध्ये एकट्या कॅलिफोर्नियात 12 कोटी 90 लाख झाडं मेली.

आणि वाळकी झाडं म्हणजे सरपणच की. 2007 ला अँगोरा फायरमध्ये साउथ लेक टाहोजवळची 254 घरं गेली, कारण काय तर कोणीतरी बेकायदा पेटवलेली शेकोटी. 2021 ला कॅल्डोर फायर आली तेव्हा अख्खं साउथ लेक टाहो रिकामं करावं लागलं, पण जिथे आधी अशी छाटणी झालेली तिथे शेंड्यांवरून पळणारी आग खाली जमिनीवर आली आणि फायरवाल्यांना घरं वाचवता आली. म्हणून मी तरी या कामाच्या बाजूने आहे, ट्रिप बोंबलली तरी.

आता रविवारचं. कामाच्या दिवशी झाड पाडताना दुसऱ्या कामगारालाही किमान दोन झाडांच्या उंचीएवढं लांब ठेवतात. सुट्टीला मशीन थांबते, धोका नाही थांबत. अर्धवट पडलेलं झाड शेजारच्यावर अडकून बसलेलं असतं, ते वाऱ्याच्या झुळकीने कधीही खाली येतं, आणि ओंडक्यांचे ढीग पोरांना चढायला इतके छान दिसतात आणि एक ओंडका सरकला की संपलं. शिवाय क्लोजर ऑर्डर, म्हणजे वनखात्याचा बंदीचा हुकूम, मोडली तर 5,000 डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आईबाबांसमोर कशाला ती शोभा.

पुढच्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी त्या फॉरेस्टच्या वेबसाइटवर अलर्ट बघा, फोनवरच्या मॅपवर विसंबू नका. ऑर्डर नीट वाचा हं, कधी रस्ता फक्त गाड्यांना बंद असतो आणि पायी चालतं, कधी माणसालाही बंदी. तारीख लांबची दिसली तरी काम आधी उरकलं तर गेट आधी उघडतं, म्हणून रेंजर ऑफिसला सरळ फोन लावा. आणि स्टेट पार्कचा कारभार वेगळा असतो, नॅशनल फॉरेस्टची ऑर्डर तिथे लागू नसते, त्यामुळे एमराल्ड बे वगैरे प्लॅन बी म्हणून ठेवा.

प्रश्न: जानेवारीत टाहोला स्कीइंगला गेलेलो, बर्फात झाडांमधून धूर दिसला म्हणून मी घाबरून 911 लावला, नवरा अजून हसतोय. चुकलं का माझं?

उत्तर: ते वरचेच ढीग हो! कापलेल्या बारक्या फांद्या वर्ष-दीड वर्ष वाळवतात आणि आजूबाजूला बर्फ किंवा ओल असताना मुद्दाम पेटवतात, नंतर दिवसेंदिवस धुमसत राहतात. रस्त्याकडेला तसा बोर्ड दिसला तर निवांत राहा. पण बोर्ड नाही, माणूस नाही आणि ज्वाळा वर चढताना दिसल्या तर पुन्हा लावा 911, नवऱ्याला हसू दे.