इस्तंबूलमधला एकच रविवार

प्रश्न : ताई, आम्ही मायलेकी लंडनहून परतताना इस्तंबूलला थांबणार आहोत. शनिवारी रात्री पोचू, पुढचं विमान सोमवारी पहाटे. आई ६७ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण बाजार फिरायची तिला भारी हौस. सकाळी आयासोफिया मशीद, जमिनीखालचा जलाशय, तोपकापी राजवाडा आणि दुपारी ग्रँड बझार असं ठरवलंय. जमेल का? आणि केशर तिथून घ्यावं का?

उत्तर : ग्रँड बझार रविवारी बंद असतो, हे आधी सांगते, नाहीतर आईंचा हिरमोड होईल. माझा झाला होता. त्याचं तुर्की नाव कापालीचार्शी, म्हणजे झाकलेला बाजार. आणि दारावर नुसतं 'कापाली' लिहिलेलं असेल तर दुकान बंद! त्या बंद दारासमोर उभं राहून मी हा शब्द शिकले, तो अजून विसरलेले नाही.

ठरवलेल्या यादीतल्या दोन गोष्टी आईंच्या गुडघ्यांसाठी मी काढून टाकेन. आयासोफियात पर्यटकांना आता वरच्या सज्जात नेतात, म्हणजे चढण आलीच. जलाशयात उतरायला आणि वर यायला पायऱ्या आहेत. तोपकापी तर एका सकाळीत उरकायची जागाच नव्हे. त्यापेक्षा सुलतानअहमेत चौकात निवांत बसा. तिथे इजिप्तहून आणलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आहे, तिथला राजा तिसरा थुतमोस याचा, जवळजवळ साडेतीन हजार वर्षांचा. त्यावरची चित्रलिपी इतकी स्वच्छ आहे की पक्ष्यांची चोच न् चोच दिसते. इ. स. ३९० मध्ये तो इथे उभारला तेव्हा खाली संगमरवरी चौथरा बांधला. त्यावर रोमन सम्राट थिओडोसियस हातात विजेत्यासाठी माळ घेऊन उभा आहे. हा चौक म्हणजे तेव्हाचं रथांच्या शर्यतींचं मैदान. आईंना ती माळ नक्की दाखवा.

समोरच निळी मशीद. तिकीट नाही. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून सकाळी लवकर जा. डोक्यावर घ्यायला ओढणी आणि सहज काढता येतील अशा चपला हव्यात. आयासोफिया बाहेरून पाहा. तो घुमट बाहेरूनही मनात भरतो.

मग ट्राम. टी-१ मार्गावर तिसरा थांबा एमिनोन्यू. डबा फलाटाच्या पातळीला असतो, पायरी चढावी लागत नाही. उतरलात की 'नवी मशीद' नावाच्या जुन्या मशिदीला लागून इजिप्शियन बाजार, आपण ज्याला मसाले बाजार म्हणतो तो. हा रविवारी उघडा असतो. १६६० च्या दशकात तो बांधला तोच मुळी मशिदीच्या खर्चाला भाडं मिळावं म्हणून. आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, त्यामुळे चुकायची भीती नाही आणि चालणंही बेताचं.

आता केशर. या बाबतीत मी फसले आहे, म्हणून कळकळीने सांगते. एका दुकानात टोपलीभर लाल-केशरी ढीग होता, 'तुर्की केशर' म्हणून. स्वस्त वाटलं, घेतलं. खोलीवर येऊन कागदावर पसरलं, तर प्रत्येक काडी म्हणजे बारीक नळी, टोकाशी पाच फाटे. वास जवळजवळ नाही. करडईची फुलं होती ती! अस्सल केशराचा धागा गडद लाल असतो, एक टोक कर्ण्यासारखं पसरलेलं, आणि डबी उघडताच वास येतो. ते ग्रॅमवर विकतात. डावाने ढिगातून काढून देत असतील तर ते केशर नव्हेच. त्यापेक्षा सुमाक घ्या, आंबट लाल पूड, कोशिंबिरीवर छान लागते. तुर्कस्तानातल्याच मालात्या भागातले जर्दाळू घ्या, पण तपकिरी. चकचकीत नारिंगी जर्दाळूंना रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते. सगळं 'वाकूम' करून मागा, दुकानदार तिथल्या तिथे पिशवीतली हवा काढून बंद करून देतात.

चहा पुढे केला तर संकोच करू नका. चहा घेतला म्हणून काही घ्यायलाच हवं असं मुळीच नाही, आईंना तेवढंच बसायला मिळेल. घासाघीस करा, पण भावाची पाटी लावलेल्या खाऊवर नको.

सगळी खरेदी चारच्या आत आटपा. समोर धक्का आहे, तिथून उस्कुदारची बोट धरा. ट्रामचं कार्डच बोटीलाही चालतं. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. उजव्या बाजूची जागा पकडा आणि चहा मागवा. कमरेशी निमुळत्या पेल्यात येतो, बिनदुधाचा, बशीत साखरेचे खडे. परतीच्या बोटीतून मशिदींचे मनोरे मावळतीसमोर काळे दिसू लागतात, तेव्हा आईंना बाहेरच्या बाकावर बसवा. शाल मात्र जवळ असू द्या, वारा बोचरा असतो.

आणि व्हिसा आजच बघा. विमानतळाबाहेर पडायचं तर तो लागतो. ब्रिटनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.