६० हजारांत ‘सायबरपंक २०७७’ नीट चालेल असा पीसी बनेल का?

बनेल. पण हा गेम खेळायला म्हणून दुकानदाराने तुम्हाला दिलेलं आणि तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेलं कोटेशन आधी बाजूला ठेवा. आय-७ प्रोसेसर, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमचं चित्र रंगवणारा भाग, मात्र ४ जीबी मेमरीचं! हे म्हणजे मांडवावर लाख रुपये उधळून पंगतीत नुसता वरणभात वाढल्यासारखं झालं.

तुमच्याकडे २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे ना? मग हिशोब तिथूनच सुरू करा. फुल एचडीत कार्डाला एका फ्रेमसाठी साधारण २१ लाख ठिपके रंगवावे लागतात, फोर-केला ८३ लाख. मॉनिटर बदलायचा नाही म्हटल्यावर महागडं कार्ड घ्यायची गरजच उरत नाही.

२०२३ मध्ये सायबरपंकचं २.० अपडेट आलं तेव्हा गेमच्या अपेक्षा वाढल्या. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क बाद झाली, एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) सक्तीची झाली आणि फुल एचडी, हाय सेटिंगसाठी आरटीएक्स २०६० सुपरच्या ताकदीचं, ८ जीबीचं कार्ड सुचवलं गेलं. आरएक्स ६६०० त्याच्या आसपास आहे, आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० त्याच्या वर. कार्डासाठी २२ ते २५ हजार वेगळे काढा आणि त्यात यांपैकी जे मिळेल ते घ्या. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावल्यांचा खेळ, कार्डाला फार जड) विसरा, एफएसआर (लहान चित्र रंगवून मोठं करणारी, वेग वाढवणारी सोय) गेमच्या सेटिंगमध्ये ‘क्वालिटी’वर ठेवा. आरटीएक्स ३०६० घ्यायचं ठरलं तर खोक्यावर १२ जीबी लिहिलंय का ते बघा. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे आणि ते नुसतं मेमरीने कमी नाही, चांगलंच हळू आहे.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर आहेत, डब्यात कूलर येतो, विषय संपला.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन कांड्या. एकाच कांडीवर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो आणि गेम मध्येच अडखळतो. रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या शेवटाला भडकले, एआयवाल्या डेटा सेंटरांची कृपा. त्यामुळे जुन्या व्हिडिओत सांगितलेल्या किमती धरून बसू नका. खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. एसएसडी १ टीबी परवडली नाही तर ५०० जीबी चालेल. सायबरपंक एकटा ७० जीबी खातो, एवढं लक्षात असू द्या.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. पहिला पीसी असेंबल केला तेव्हा कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस वापरला. वर ठळक अक्षरांत ‘५०० वॅट’. घरी मेनूपर्यंत सगळं छान. नाइट सिटीत, म्हणजे गेममधल्या शहरात, गाडी काढून जरा वेग घेतला की फट्! पडदा काळा, पंखे बंद. आठवडाभर मी विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसलो. शेवटी कॅबिनेट उघडून त्या डब्यावरचं बारीक अक्षरांतलं कोष्टक वाचलं: १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच लाइनवर जगतात. एकट्या आरएक्स ६६०० लाच १३२ वॅट लागतात, प्रोसेसर जोर लावला की ७५ च्या पुढे जातो. कोष्टक दुकानातच वाचलं असतं तर! तुम्ही वाचा. ५५० वॅटचा, ‘८० प्लस ब्राँझ’ हा वीज वाया न घालवण्याचा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा घ्या आणि १२ व्होल्टला ४० च्या आसपास अँपिअर आहेत का ते बघा. पैसे कमी पडले तर कॅबिनेटमधले कापा, जाळीदार पुढची बाजू असली की झालं.

सेकंडहँड कार्ड वाईटच असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डं दिवसरात्र चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली कित्येक अजून फिरताहेत. तसं कार्ड घ्यायचं तर विकणाऱ्याच्या मशीनवर फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) वीस मिनिटं चालवून बघा. नुसता फोटो बघून पैसे पाठवू नका. बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल तर हजार-दीड हजार जास्त मोजायला हरकत नाही.

सुटे भाग घ्यायला पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. जायच्या आधी ऑनलाइन भावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि दुकानदार सांगेल त्या भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का ते सुरुवातीलाच विचारा, नाहीतर बिलाच्या वेळी तोंड कडू होतं.

मशीन घरी आल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० च्या वेगाची रॅम बहुतेक वेळा मुकाट कमी वेगावर पळत राहते. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत, तिथून काहीच दिसणार नाही. माझ्या मावसभावाने रात्री साडेअकराला फोन केला होता, “दादा, नवीन कार्ड मेलंय.” कार्ड ठणठणीत होतं.