‘च’ला गोल

“मॅडम, आईबाबांकडे मृत्युपत्राचा विषय काढायचा कसा? त्यांना वाटेल, हिचा डोळा घरावर आहे.” हे इतक्या जणांकडून ऐकलंय की “मॅडम, जरा घरचंच आहे...” अशी सुरुवात झाली की पुढचं मला ऐकू येऊ लागतं. विचारणारी बहुतेकदा मुलगी असते. मुलगे येतात, पण वाद कोर्टात गेल्यावर.

अशाच एका लेकीची ही गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. वडील ७९ वर्षांचे, आई अंथरुणाला खिळलेली, सगळी खाती एकट्या वडिलांच्या नावावर. पहिल्या तीन भेटींत तिचं एकच पालुपद: “बाबांना वाईट वाटता कामा नये.” चौथ्या भेटीत मी ते वाक्य कागदावर लिहिलं, मात्र ‘वाटताच कामा नये’ असं, आणि त्या ‘च’भोवती गोल काढला.

“‘च’ मी म्हटलेलाच नाही.”

“म्हटला नाहीत, पण वागताय तशा. समजा, वाटलं वाईट. मग?”

“दोन दिवस बोलणार नाहीत.”

“आणि विषय काढलाच नाहीत तर?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा पडले, तर आईच्या आयाबाईंचा पगारसुद्धा मला त्यांच्या खात्यातून काढता येणार नाही.”

माणसाला घटना छळत नाही, तिच्याबद्दलचा त्याचा हट्ट छळतो, या मताची मी आहे. इतक्या वर्षांत या एका अक्षराने मला जेवढी दारं उघडून दिली, तेवढी जाड पुस्तकांनी दिली नाहीत. पण त्या दिवशी मलाही एक गोष्ट नव्याने उमगली. सगळे मृत्युपत्राचं विचारत येतात, आणि मृत्युपत्र बोलतं माणूस गेल्यावर. माणूस आहे, पण सही करू शकत नाही, त्या वर्षांचं काय? तिथून सुरुवात केली तर विषय वाटणीचा राहत नाही, काळजीचा होतो.

पाचव्या भेटीला काका आले. मांडीवर रेक्झिनची बॅग, दोन्ही हात चेनवर. लेकीने विचारलं, “बाबा, उद्या तुम्ही दवाखान्यात असलात आणि बोलता येत नसलं, तर डॉक्टरांना मी काय सांगू?”

काकांनी चेन उघडली. आत स्वतःच्या अक्षरातलं मृत्युपत्र होतं, ११ वर्षांपूर्वीचं. साक्षीदारांच्या जागा कोऱ्या.

“कुणाला दाखवलं नाही. म्हटलं, तुम्हा भावंडांना वाईट वाटेल.”

लेकीने पर्समधून तो ‘च’चा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. दोघंही हसत सुटली.

कायदा फार अवघड नाही. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही, पण १९२५च्या वारसा कायद्यानुसार दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. (हा ‘च’ मला मान्य आहे.) ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. नॉमिनी हा सहसा विश्वस्त असतो, मालक नव्हे. माझ्या एका जुन्या ठेवीला परवापर्यंत माझ्या दिवंगत सासूबाई नॉमिनी होत्या, तेव्हा बोलायचा मला तरी काय अधिकार! मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून निर्धास्त राहू नका; देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की आपल्याकडे ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. म्हणून काकांनी एका खात्यात लेकीला संयुक्त खातेदार केलं, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. घर जिवंतपणी मुलांच्या नावावर करायचंच असेल, तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रात लिहा. ती मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं.

राहिलं दवाखान्यातलं. बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिली, आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपल्या वतीने कुणी बोलायचं, तेही त्यात लिहिता येतं.

काकांचं मृत्युपत्र पुरं झालं, हा कागद मात्र अजून कोरा आहे. “घाई कसली,” म्हणतात. लेक दर महिन्याला विचारते. ते दोन दिवस बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करतात.