पूर ओसरल्यावर साथ कुठून येते?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणते, पण पूर-भूकंपात डॉक्टर लागतात, जवान लागतात, संशोधक तिथे जाऊन काय करतो? आणि प्रेतांमुळे साथ पसरते हे खरं का?

मी नागपूरची. आपत्ती आणि साथरोग हेच माझं काम, म्हणून लिहिते.

आधी प्रेतांबद्दल. पुरात-भूकंपात गेलेली माणसं बुडून किंवा जखमांनी गेलेली असतात, साथीच्या आजाराने नाही. त्यांच्यामुळे सहसा साथ पसरत नाही. (कॉलऱ्याने गेलेल्यांची गोष्ट वेगळी.) पण ही भीती इतकी पक्की आहे की ओळख न पटवताच घाईघाईने सामूहिक अंत्यसंस्कार उरकले जातात आणि घरच्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. साथ येते ती जिवंत माणसांच्या गर्दीतून आणि पाण्यातून. हैतीत भूकंप झाला जानेवारी २०१० मध्ये, कॉलरा आला ऑक्टोबरमध्ये. तोही ढिगाऱ्याखालून नाही, तर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेलेल्या मैल्यातून.

आता काम. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, तोही ऐन करोनात. एका शाळेतल्या निवारा केंद्रात जुलाबाचे रुग्ण वाढायला लागले. सगळ्यांचा संशय खिचडीवर. मी यादी केली आणि आजारी असोत की धडधाकट, सगळ्यांना तेच विचारत गेले: काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं? सोबतच्या आशाताई (गावातली आरोग्य स्वयंसेविका, 'आशा') वैतागून म्हणाल्या, "मॅडम, ज्यायले काहीच नाही झालं त्यायले कायले विचारता?"

त्यांनाच विचारावं लागतं. खिचडी धडधाकट राहिलेल्यांनीही खाल्ली होती. फरक निघाला पाण्यात. आजारी पडलेले बहुतेक जण शाळेच्या मागच्या टाकीचं पाणी पीत होते. टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर टाकली होती, टाकणाऱ्याने काम चोख केलं होतं. तरी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) पाणी पिवळं व्हायला हवं ते झालंच नाही. पुराचं पाणी गढूळ, आणि त्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. मग पाणी आधी तुरटीने निवळून घेतलं, नंतर पावडर टाकली, सकाळ-संध्याकाळ टेस्ट सुरू केली. जुलाब थांबले. आजारी माणसांनाच विचारत बसले असते तर आम्ही खिचडी बंद करून लोकांना उपाशी ठेवलं असतं.

दुसरं काम वाट बघण्याचं, आणि ते जास्त अवघड. आपल्या नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. लोकांनी चिखल उपसला, गाद्या वाळवल्या आणि म्हणाले, सुटलो. आमची मोजणी मात्र अशा वेळी पुढे आठवडेच्या आठवडे चालते. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) साधारण एक-दोन आठवड्यांनी. डेंग्यूला आधी साचलेल्या पाण्यात डास तयार व्हावे लागतात, मग डासात विषाणू वाढतो, मग माणसाला ताप येतो. म्हणजे जवळजवळ महिना. आणि दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ दोन ते दहा आठवड्यांनी उगवते. तोवर मदतीचे मांडव उठलेले असतात, बातम्या थांबलेल्या असतात. ही कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर चार-पाच जणींतली एक दगावू शकते. कावीळ आणि पूर यांचा संबंध तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नाही. तो लक्षात ठेवून दर आठवड्याला आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई), लॅब आणि गल्लीतल्या खासगी डॉक्टरांकडून आकडे मागत राहणं हे आमचं काम. सरकारची आयडीएसपी ही रोगांवर नजर ठेवणारी यंत्रणा त्यासाठीच २००४ पासून आहे; पण खासगी दवाखान्याने कळवलंच नाही तर तिथला रुग्ण तिला दिसत नाही. म्हणून मी पायी फिरते.

मुलीला अडवू नका. प्रवेश घेण्याआधी एक पावसाळा तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर घरोघरी ओटी टेस्ट करत फिरू द्या. चिखलातून विसाव्या घराची कडी वाजवतानाही तिला पुढचं घर बघावंसं वाटलं, तर फॉर्म भरा.